नाशिकच्या पुराचा इशारा आणि गांवास सावध करण्याच्या जुन्या रीति

(१)

जुन्या कागदांचा शोध करणाऱ्या मंडळींचें लक्ष सनदा, निवाडे, वंशावळी आणि मोहिमांचीं पत्रें यांकडे असतें, व तें योग्यच आहे. परंतु तो कागद ज्या गांवांत दोनशें-तीनशें वर्षें राहिला, त्या गांवानें पूर, आग, वादळ अशा संकटाच्या वेळीं आपल्या रहिवाशांस सावध कसें केलें, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. वस्तुतः हे दोन विषय परस्परांपासून दूर नाहींत. जो रुमाल आज आपण सोडून वाचतों, तो कोणीतरी एखाद्या पावसाळी रात्रीं वेळेवर माडीवर नेला म्हणूनच शिल्लक राहिला आहे. आणि जो नेला गेला नाहीं, त्याची आपणांस वार्ताहि नाहीं.

या लेखांत नाशिक येथील गोदावरीच्या पुराचें उदाहरण मुख्यतः घेऊन, अशा इशाऱ्याचीं अंगें कोणतीं, तीं कोणत्या क्रमानें काम करीत, आणि तीं तुटलीं म्हणजे काय होतें, याचें विवेचन करण्याचा आमचा उद्देश आहे. नाशिकच घेण्याचें कारण इतकेंच कीं, आमचें सारें आयुष्य त्या क्षेत्रीं गेलें आणि तेथील एका पुरांत आमच्या हातून एक चूक घडली. ती पुढें यथास्थलीं सांगूं.

(२)

प्रथम भाकीत आणि इशारा या दोहोंतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्या प्राचीन ग्रंथांत भाकिताची सामग्री विपुल आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांचे गर्भ, पावसाचें मान आणि तात्काळ पडणाऱ्या पावसाचीं लक्षणें यांस स्वतंत्र अध्याय दिले आहेत. कांहीं उपद्रव नसतां मुंग्या अंडीं घेऊन जागा बदलूं लागल्या, सर्प झाडावर चढूं लागले, गाई उड्या मारूं लागल्या, तर पाऊस जवळ आला असें समजावें, असें तो सांगतो. हें ज्ञान मोलाचें आहे. परंतु तें ज्यास कळलें त्याच्यापुरतें राहतें. एका मनुष्यास कळलेली गोष्ट साऱ्या गांवास कळावी आणि गांवानें त्याप्रमाणें वागावें, याकरितां जी व्यवस्था लागते तिलाच आम्ही येथें इशारा म्हणतों.

या इशाऱ्याचीं तीन अंगें मानावीं लागतात. पहिलें अंग खूण. म्हणजे संकट किती जवळ आलें हें दाखविणारें, सर्वांस दिसणारें माप. दुसरें अंग घोष; म्हणजे ज्यांस ती खूण दिसत नाहीं त्यांच्यापर्यंत वार्ता पोंचविणारा नाद. तिसरें अंग रीत. म्हणजे अमुक खूण दिसली किंवा अमुक नाद ऐकूं आला असतां कोणीं काय करावयाचें, हें आधींच ठरलेलें असणें. शब्दाचा अर्थाशीं संबंध संकेतानें ठरतो, असें नैयायिक म्हणतात. घंटा, नगारा, तोफ यांनाहि तोच न्याय लागू आहे. नादास स्वतःचा अर्थ नसतो. ऐकणाऱ्यांत पूर्वींच ठरलेला संकेत नसेल, तर मोठ्यांतील मोठा नगारा हा केवळ गोंगाट होय.

(३)

तिसऱ्या अंगाविषयीं सर्वांत स्पष्ट विचार आम्हांस कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आढळतो. हा ग्रंथ नांवानें माहीत असूनहि नष्ट झाला असें पुष्कळ काळ समजलें जात होतें. इ. स. १९०५ च्या सुमारास म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथसंग्रहांत त्याची ताडपत्रावरील प्रत आली आणि इ. स. १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं तो छापून प्रसिद्ध केला. एक पोथी पाण्यापासून, वाळवीपासून व अग्नीपासून वांचली म्हणजे केवढें ज्ञान वांचतें, याचें याहून चांगलें उदाहरण हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस कोणतें द्यावें?

या ग्रंथाच्या चौथ्या अधिकरणांत दैवी संकटें आठ सांगितलीं असून त्यांत अग्नि आणि उदक यांस अग्रस्थान आहे. पावसाळ्यांत नदीकांठच्या गांवांनीं पुराची मर्यादा सोडून दूर राहावें, लांकडी फळ्या, वेळू आणि नावा जवळ बाळगाव्या, वाहून जाणाऱ्यास भोपळे, चामड्याच्या पखाली, तराफे यांच्या साह्यानें तारावें, असें तेथें सांगितलें आहे. साधन असतां जो मदतीस धांवणार नाहीं त्यास बारा पण दंड. मात्र ज्याच्याजवळ तराफाच नाहीं त्यास दंड नाहीं. दुसऱ्या अधिकरणांत नगरांतील आगीविषयीं असाच नियम आहे. पेटलेल्या घराकडे न धांवणाऱ्या घरधन्यास बारा पण आणि भाडेकऱ्यास सहा पण दंड सांगितला आहे.

त्याच प्रकरणांत रात्रीच्या संचारबंदीचा नियम आहे. रात्र पडल्यावर सहा नालिका झाल्या म्हणजे तूर्य वाजावयाचें, आणि पहांटेपूर्वीं तितकाच काळ उरला असतां पुनः वाजावयाचें; मधल्या वेळांत रस्त्यावर फिरणें हा अपराध. परंतु सुईण, वैद्य, प्रेत, आग आणि नगराधिकाऱ्याचें वाद्य यांच्या निमित्तानें जे बाहेर पडतील त्यांस धरूं नये, असा अपवाद ठेविला आहे. पेशवाईंतील पुण्यांत रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यानें हिंडण्यास मनाई असे, हें वाचकांस माहीत आहेच. एकाच प्रकारचा नाद रोज ठराविक वेळीं ऐकण्याची संवय असली, म्हणजे अवेळीं झालेला नाद कानास तत्काळ खटकतो. रोजच्या तोफेचा आणि रोजच्या चौघड्याचा हा एक अप्रत्यक्ष उपयोग होता.

(४)

खेड्यांत घोषाचें काम दवंडीनें होई. चावडीवरून पाटील-कुळकर्ण्यांचा हुकूम सुटला म्हणजे दवंडी देणारा डफ किंवा हलगी घेऊन निघे. वेशीपाशीं, पारावर, चौकांत, आळीच्या तोंडाशीं थांबून तो प्रथम वाद्य वाजवी. लोक दारांत आले कीं वार्ता सांगे. आणि पुढील ठिकाणीं तेंच पुनः करी. वाद्याचें काम लक्ष वेधण्याचें आणि शब्दाचें काम अर्थ सांगण्याचें, अशी ही विभागणी होती. नुसत्या घंटेहून दवंडी श्रेष्ठ ती याच कारणानें. घंटा फक्त "सावध व्हा" म्हणूं शकते. दवंडी "नदीचें पाणी वाढत आहे, गुरें वरच्या अंगास न्या" असें सांगूं शकते.

या ठिकाणीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. हें काम गांवगाड्यांत बहुधा महारांकडे जन्मानें लादलेलें होतें. मृच्छकटिकाच्या शेवटच्या अंकांत चारुदत्ताच्या वधाची घोषणा चांडाल नगारा वाजवीत ठिकठिकाणीं करतात. म्हणजे घोषणा आणि अस्पृश्यता यांची गांठ फार जुनी आहे. रात्रीं-अपरात्रीं वेशीची राखण करावी, वाटसरूंवर नजर ठेवावी, पाऊस-वारा न पाहतां सरकारी कागद पुढच्या गांवीं पोंचवावा, आणि संकट येतांच साऱ्या गांवास जागें करावें, हें ज्यांचें काम, त्यांचीं घरें मात्र वेशीबाहेर. जो गांवास सावध करीत असे त्यास गांवाच्या तटाचा आश्रय नव्हता. डॉ. आंबेडकर यांनीं इ. स. १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत महार वतनाच्या या जुलमाविरुद्ध विधेयक आणिलें. अशीं कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा इ. स. १९५८ मध्यें झाला. वतन गेलें हें उत्तम झालें. परंतु तें काम अधिक सन्मानानें व पगारी रीतीनें कोणाकडे सोंपवावें, याचा विचार पुष्कळ गांवांनीं केला नाहीं, आणि दवंडीची जागा कित्येक वर्षें मोकळीच राहिली.

(५)

आतां नाशिककडे वळूं. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशिकास येते. तिकडे डोंगरांत अतिवृष्टि झाली कीं इकडे आकाश मोकळें असतांहि पाणी चढूं लागतें. म्हणून नाशिककरांस आकाश पाहून भागत नाहीं; नदीच पाहावी लागते. त्याकरितां त्यांजवळ दोन खुणा आहेत.

पहिली खूण दुतोंड्या मारुतीची. रामकुंडाच्या परिसरांत, नदीच्या पात्रांतच दोन तोंडांची मारुतीची उंच मूर्ति उभी आहे. पाणी तिच्या पायांस लागलें, गुडघ्यास लागलें, कमरेस, छातीस, गळ्यास लागलें, या भाषेंतच नाशिककर पुराचें माप सांगतात. मूर्ति बुडाली म्हणजे पूर मोठा. फूट-इंचांची पट्टी नदीकांठीं रोविली तर ती चार अधिकाऱ्यांस वाचतां येईल. मारुतीची कंबर कोठें आहे हें लहान मुलासहि कळतें. शिवाय ही खूण दूरून दिसते, आणि पाहणाऱ्यांत तिच्याविषयीं मतभेद होत नाहीं.

दुसरी खूण नारोशंकराच्या घंटेची. पंचवटीच्या बाजूस गोदाकांठीं असलेलें हें रामेश्वराचें देवालय सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनीं इ. स. १७४७ मध्यें बांधिलें. त्याच्या तटाच्या दर्शनी भागीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर इ. स. १७२१ हें वर्ष असून, चिमाजी आप्पांनीं इ. स. १७३९ मध्यें वसई घेतली त्या विजयाशीं परंपरा तिचा संबंध जोडते. वसईच्या मोहिमेंत मिळालेल्या घंटा ठिकठिकाणच्या देवालयांस अर्पण झाल्या हें प्रसिद्धच आहे. भीमाशंकरची घंटा त्यांपैकींच मानतात.

ही घंटा पुराचा इशारा देण्याकरितांच बांधिली, असें कित्येकदां सांगण्यांत येतें. आमच्या मतें हें विधान जसेंच्या तसें घेऊं नये. देवालय इ. स. १७४७ चें, घंटा त्याहून जुनी आणि परकी. तिचा मूळ हेतु गोदावरीशीं जोडतां येत नाहीं. तिला देवालयांत स्थान मिळालें तें विजयचिन्ह आणि देवापुढील घंटा म्हणून. परंतु यांत एक मौज आहे. पोर्तुगीज लोकांच्या गांवांत देवळाची घंटा प्रार्थनेची वेळ, मृत्यूची वार्ता आणि आग किंवा शत्रु आल्याची सूचना हीं तिन्ही कामें करीत असे. प्रत्येक कामाचा ठोका निराळा असे. आपल्या देवालयांत घंटा वाजवितो तो भक्त, आणि ती वाजवितो आपलें आगमन देवास कळविण्याकरितां. म्हणजे वसईकडे जी घंटा माणसांस हांक मारीत होती, ती आपल्याकडे येऊन देवास हांक मारूं लागली. आणि पुढें नाशिककरांनीं तिला पुनः माणसांच्या उपयोगास लाविलें, पण नादाकरितां नव्हे, तर खुणेकरितां. "नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलें" हे शब्द नाशिकांत महापुराचें शेवटचें माप म्हणून रूढ झाले. मारुति ही पहिली खूण आणि घंटा ही अखेरची. या दोहोंच्या मध्यें शहरानें जें काय करावयाचें तें करून घ्यावें, असा हा संकेत होय.

(६)

तिसरें अंग जी रीत, तिची ओळख आम्हांस एका घरांत झाली. सराफ बाजाराच्या आसपास आमच्या परिचयाच्या एका याज्ञिक घराण्याचा वाडा होता. त्या घरच्या आजीबाई निरक्षर होत्या. परंतु त्यांचा एक नियम असे. पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागलें कीं पोथ्या माडीवर. कमरेस लागलें कीं धान्य. छातीस लागलें कीं माणसें. पोथ्या आधीं कां, असें विचारतां त्या म्हणत, "अरे, माणसाला पाय आहेत, पोथीला नाहींत." इ. स. १९६९ च्या मोठ्या पुरांत, ज्या पुरांत घंटेस पाणी लागलें असें वृद्ध मंडळी सांगतात, त्या वाड्याच्या माजघरांत पुरुषभर पाणी होतें. तेव्हां आम्ही शाळेंत जाणारें पोर होतों. पोथ्यांचे लाल रुमाल हातोहात माडीवर जातांना आम्हीं स्वतः पाहिले. त्या दिवशीं एकहि पान भिजलें नाहीं.

पुढें त्या वारल्या. इ. स. २००८ च्या उन्हाळ्यांत त्या संग्रहाची यादी करण्याचें आम्हीं मनावर घेतलें. जिना अरुंद, माडीवर उजेड कमी, म्हणून पोथ्यांची पेटी खालीं माजघरांत आणवावी, असें आम्हींच सुचविलें. आषाढांत काम थांबलें. पेटी वर नेण्याचें आम्ही उद्यांवर टाकीत गेलों. सप्टेंबरांत पूर आला. घरच्या तरुण मंडळींनीं वार्ता ऐकली होती; नदीकांठच्या रहिवाशांनीं सावध राहावें, अशी सूचनाहि फिरली होती. परंतु सावध राहावें म्हणजे नेमकें काय करावें, हें त्या सूचनेंत नव्हतें, आणि तें जाणणारी म्हातारी घरांत नव्हती. मंडळी अधिक स्पष्ट आज्ञेची वाट पाहत राहिली. आज्ञा आली ती घर सोडण्याची. तेव्हां पेटी उचलण्यास वेळ उरला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं पेटी उघडली. एकवीस पोथ्यांपैकीं सात गेल्या. काजळ आणि डिंक यांची जुनी शाई उन्हाला, काळाला दाद देत नाहीं. परंतु पाण्यांत डिंक सुटतो आणि अक्षर पानावरून उठून समोरच्या पानास चिकटतें. आम्हीं पानें सावलींत सुती कापडावर पसरून, एकेक सोडवून वाळविलीं. ज्या पोथ्या वांचल्या त्या ग्रंथ म्हणून अन्यत्रहि मिळतील अशा होत्या. जी श्राद्धप्रयोगाची पोथी गेली, तिच्या समासांत त्या घराण्यांतील पांच पिढ्यांच्या हस्ताक्षरांत टिपणें होतीं. तीं दुसरीकडे कोठेंहि मिळणार नाहींत. यादी पुरी करण्याच्या घाईंत आम्हीं त्यांची नक्कल करून ठेविली नव्हती. हा दोष सर्वस्वीं आमचा आहे, आणि तो येथें नमूद करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

या प्रसंगावरून आमच्या ध्यानांत आलें तें हें. त्या पुरांत खूण होती, मारुति जागचा हललेला नव्हता. घोषहि झाला होता. तुटलेली होती ती रीत. ती कोठें लिहिलेली नव्हती. एका म्हातारीच्या मुखांत होती, आणि तिच्याबरोबर गेली.

(७)

कालमानानें खुणांचा अर्थहि बदलतो, हें दुसरें ध्यानांत ठेवण्याजोगें. नाशिकच्या वर गंगापूरचें धरण इ. स. १९६५ मध्यें पुरें झालें. तेव्हांपासून नाशिकचा पूर केवळ पावसावर अवलंबून राहिला नाहीं. धरणांतून पाणी केव्हां व किती सोडतात यावरहि अवलंबून राहूं लागला. पूर्वीं गुडघ्यापासून छातीपर्यंत पाणी चढण्यास जो वेळ लागे, तोच आतां लागेल असें नाहीं. उलटपक्षीं, पाणी सोडण्यापूर्वीं तें सोडणार हें माहीत असतें, हा नवा लाभ आहे. तेव्हां आजीबाईंचा नियम आज पाळावयाचा, तर "गुडघ्यास लागलें कीं" याऐवजीं "धरणांतून पाणी सोडल्याची वार्ता आली कीं" असा त्याचा पाठ सुधारला पाहिजे. पाठशुद्धि ही केवळ ग्रंथांचीच करावयाची नसते.

खूणच नसली तर काय होतें, हें पुण्यानें इ. स. १९६१ मध्यें पाहिलें. १२ जुलै रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें आणि दुपारीं त्या लोंढ्यानें खडकवासल्याची भिंत गेली. मुठेच्या पावसाळी पुराच्या खुणा पुणेकरांजवळ होत्या. फुटलेल्या धरणाच्या पाण्याची खूण कोणाजवळच नव्हती. जेथें नदी कधीं आलीच नव्हती त्या घरांतील लोकांस ती येईल असें वाटेना. नदीकांठच्या पेठांतील वाडे कोसळले, आणि वाड्यांबरोबर दप्तरेंहि गेलीं.

कोंकणच्या बंदरांतील बावट्याची पद्धति या दृष्टीनें अभ्यासण्याजोगी आहे. हिंदुस्थानांत हवामानाचें सरकारी खातें इ. स. १८७५ मध्यें निघालें, इ. स. १८६४ मध्यें कलकत्त्यास झालेलें भयंकर चक्रीवादळ हें त्याच्या कारणांपैकीं एक. बंदरावर दिवसां शंकु व नळकांड्याच्या आकाराचीं चिन्हें आणि रात्रीं तांबडे-पांढरे दिवे लावून वादळाची सूचना देतात. एकंदर अकरा संकेत आहेत. "तीन नंबरचा बावटा लागला" एवढें म्हटलें कीं कोळी व खलाशी यांस पुढील विवरण लागत नाहीं. होडी किनाऱ्यास ओढावयाची हें ठरलेलेंच आहे. यांतील अकरावा संकेत आम्हांस विशेष मार्मिक वाटतो. सूचना देणाऱ्या केंद्राशीं दळणवळण तुटलें, एवढाच त्याचा अर्थ. वार्ता न येणें हीहि एक वार्ताच आहे, आणि तिलाहि स्वतंत्र खूण पाहिजे, हें ज्यानें ओळखलें त्यास इशाऱ्याचें शास्त्र पुरतें समजलें होतें.

हल्लीं भोंगे, ध्वनिक्षेपक, आकाशवाणी आणि भ्रमणध्वनि यांची जोड मिळाली आहे. इ. स. २०२३ मध्यें सरकारनें भ्रमणध्वनीवर एकाच वेळीं मोठा नाद करून संदेश पाठविण्याची चांचणी घेतली, तेव्हां तो नाद ऐकून पुष्कळ लोक दचकले. दचकविणें हें घोषाचें कामच आहे, आणि तें या यंत्रानें हलगीहून सरस रीतीनें केलें. परंतु दचकलेल्या मनुष्यानें पुढें काय करावें, हें त्याच्या घरांत आधीं ठरलेलें नसेल, तर यंत्राची धांव तेथेंच संपते.

(८)

समारोपांत वाचकांस तीन विनंत्या करावयाच्या आहेत.

पहिली. नदीकांठच्या घाटांवर, देवळांच्या पायऱ्यांवर, वाड्यांच्या भिंतींवर पूर्वींच्या पुरांच्या रेघा, आंकडे किंवा शिळा असल्यास त्यांची नक्कल, स्थान आणि पायथ्यापासूनची उंची टिपून ठेवावी. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं रंगरंगोटी होते तींत अशा रेघा प्रथम पुसल्या जातात. ताम्रपट जितका पुरावा, तितकीच ही रेघहि पुरावा आहे.

दुसरी. जुन्या पंचांगांच्या समासांत, जमाखर्चाच्या वह्यांत, पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर पूर, वावटळ, गारपीट, आग यांविषयीं एखादी ओळ आढळली, तर ती किरकोळ समजून सोडूं नये. मिति-वारासह उतरून घ्यावी. गांवांत दवंडी कोण देई, कोठें कोठें देई, कोणत्या वाद्यावर देई, हें वृद्धांस विचारून लिहून घ्यावें. आणि ज्यांनीं तें काम केलें त्या घराण्यांकडून तें प्रथम विचारावें.

तिसरी विनंती आम्ही स्वतःच्या अनुभवावरून करतों. ज्यांच्याकडे पोथ्या, रुमाल किंवा दप्तरें आहेत, त्यांनीं आपल्या घराची रीत एका कागदावर लिहावी. कोणती खूण दिसली किंवा कोणती सूचना आली असतां, कोणता रुमाल, कोणीं, कोठें न्यावयाचा, एवढेंच त्यांत असावें. तो कागद पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावा, आणि दरवर्षीं मृगनक्षत्र लागण्यापूर्वीं घरांतील सर्वांत लहान मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. यादी करण्यास आलेल्या विद्वानाच्या सोयीकरितां पेटी खालीं आणिली, तर काम आटोपतांच ती जागच्या जागीं गेली कीं नाहीं, हेंहि पाहावें.

त्या वाड्यांतील उरलेल्या चौदा पोथ्या आज माडीवर आहेत. पेटीच्या झांकणास आजीबाईंचा नियम, वर सुचविलेल्या पाठभेदासह, आमच्या अक्षरांत लाविला आहे.